आयव्हीने अडवलेला घाव

दुसरा ठोकळा फुटला तेव्हा आयव्ही ब्रूमहेड प्रयोगशाळेत आकडे उतरवून घेत होती. मधे दोन भिंती आणि एक कोळशाचं आवार होतं, तरी तिला कळलं. पाच नंबरचा वाफेचा घण पडला की प्रयोगशाळेतली फरशी तळपायाला हलकेच टोचायची. सकाळपासून ती टोचणी नेमानं येत होती. मग एक घाव पडला, फरशी टोचली, आणि पुढचा आलाच नाही. त्यानंतर आली ती लोहार अ‍ॅम्ब्रोज रॅगची शिवी. ती मात्र दोन भिंतींतूनही अक्षरन् अक्षर ऐकू आली.

"गेला," आयव्ही म्हणाली, आणि हातातली पेन्सिल टेबलावर आपटली.

तिचं काम तसं बसून करायचं होतं. भिंतीला लागून बारा उभ्या भट्ट्या. प्रत्येकीत पेन्सिलीएवढी जाड धातूची कांडी टांगलेली, खाली वजन लटकवलेलं. धातू तापलेला आणि वर भार, म्हणजे कांडी लांबणारच. पण किती? हजार तासांत एखाद्या केसाएवढी. ते केसाएवढं लांबणं दाखवायला वर तबकडी होती, आणि दर चार तासांनी ती वाचायची ही आयव्हीची नोकरी. सशाच्या पायाची बाई गोगलगाईच्या राखणीला बसवली होती म्हणा ना!

कारण ही आयव्ही साधीसुधी नव्हे. लढाईच्या काळात साडेतीन वर्षं तिनं पाच नंबरचा घण चालवला होता. पाच टनांचं धूड, आणि त्याचा लिव्हर तिच्या उजव्या हातात. पुरुष सैन्यात गेले होते, मग कारखान्याला बायका चालल्या. शेफील्डमधल्या अर्ध्या तोफा बायकांनी ठोकल्या, असं आम्ही म्हणतो, आणि ते खोटं नाही. ऑगस्टमध्ये लढाई संपली, सप्टेंबरात पगाराच्या पाकिटातून एक चिठ्ठी आली. आभारी आहोत, उद्यापासून येऊ नये. गरज सरो नि वैद्य मरो! आयव्ही त्या दिवशी घरी जाऊन रडली नाही. तिनं नवऱ्याचे, अल्बर्टचे, तीन शर्ट इतके घासले की त्यांच्या कॉलरी फाटल्या. नंतर प्रयोगशाळेत जागा निघाली, ती तिनं घेतली, कारण तिथून घणाचा आवाज तरी ऐकू यायचा.

दार ढकलून लोमस साहेब आत आले. प्रयोगशाळेचे मुख्य, तिशीतला हडकुळा माणूस, जाड चष्मा. मूळचा लीड्सचा, आणि तो गुन्हा शेफील्डनं त्याला कधी माफ केला नाही. त्यांच्या हातात, जाड कापडात धरलेला, अजून गरम असलेला एक तुकडा होता.

"आतून बघा," ते म्हणाले. "साखरेचा खडा ओला झाल्यासारखं झालंय. कण सुटे सुटे."

"आता किती ठोकळे उरले?"

"एक." त्यांनी तुकडा विटेवर ठेवला. "आणि फेअरबँक साहेबांनी आत्ताच सांगितलं. तिसराही फुटला तर काम मोठ्या प्रेसवाल्यांकडे, त्या दाबयंत्रांच्या कारखान्याकडे, जाणार. आणि नाताळ झाला की पाच नंबर मोडीत."

"मोडीत म्हणजे?"

"भंगारात, आयव्ही."

आयव्ही खुर्चीतून उठली. तिच्या मनात चार वर्षं एकच गोष्ट होती, ती तिनं अल्बर्टलासुद्धा धड सांगितली नव्हती. कधीतरी, कसंतरी, पुन्हा त्या लिव्हरवर हात ठेवायचा. आता घणच राहणार नव्हता.

हे काम होतं जेट इंजिनाच्या चकतीचं. निकेल आणि क्रोमियमचा नवा मिश्रधातू. लालभडक तापून मिनिटाला हजारो फेऱ्या मारायच्या आणि तरी लांबायचं नाही, यासाठीच त्याला जन्माला घातलेला. तापल्यावर ढिलं पडायचं नाही हाच ज्याचा गुण, त्याला तापवून आकार द्यायचा! आता बोला. मांजरीला आंघोळ घालण्यासारखाच प्रकार.

"साहेब, तुमच्या त्या दाबलेल्या गोळ्या दाखवा बरं," आयव्ही म्हणाली.

लोमसनी खण उघडला. महिनाभर त्यांनी या धातूचे छोटे छोटे दंडगोल तापवून दाबले होते. त्याचा अहवालही लिहिला होता, चोवीस पानी. अ‍ॅम्ब्रोज रॅगनं त्याची पानं पाइप पेटवायला वापरली, असं शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"या दोन बघा. तापमान दोघींचं एकच. ही मी हळू दाबली."

ती गोळी मधे फुगून गुळगुळीत बसली होती, पोट सुटलेल्या धर्मगुरूसारखी.

"आणि ही झटक्यात."

तिला चहूबाजूंनी भेगा होत्या.

"असं का होतं?"

"जोराचा दणका बसला की ती आतल्या आत आणखी तापते. उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. आधीच वितळायच्या काठावर आणलेली, त्यात ही भर. मग कणाकणांचे सांधे ओले होतात आणि सुटतात. हळू दाबलं तर आत जुने मोडके कण जाऊन नवे कोवळे कण तयार व्हायला सवड मिळते. धातू स्वतःला सावरतो. पण गार होऊन चालत नाही. शंभर अंश खाली गेला की दगड. मग कडा तडकतात."

"म्हणजे वर गेला तर आतून सुटतो, खाली गेला तर बाहेरून तडकतो."

"हो. मधे शंभर अंशांची फट. पोलादाला चारशेची असते."

आयव्हीनं दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या. गेले आठ महिने ती याच धातूच्या कांड्या वाचत होती. भार बेताचा असेल तर तो केसाकेसानं, न कुरकुरता, लांबत जातो हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? "अहो, मग याच्यात गूढ काय? हा धातू वाईट नाही. याला मारतायत चुकीचं. आमच्या माणसांनी जन्मभर पोलाद ठोकलं. अंग आखडायला लागलं की अजून तापवा आणि अजून जोरात हाणा, एवढंच त्यांना येतं."

"मी तेच लिहिलंय. पान सतरा."

"पान सतरा पाइपातून धूर होऊन गेलं, साहेब. चला कँटीनमध्ये."

कँटीनमध्ये बारा वाजताची गर्दी होती, पण पाच नंबरच्या टेबलावर मयताची कळा. अ‍ॅम्ब्रोज रॅग डोकं खाली घालून मटारच्या भरड्यात चमचा फिरवत बसला होता. बासष्ट वर्षांचा, भिंतीसारखा रुंद, एका कानानं पार बहिरा आणि दुसऱ्यानं सोयीप्रमाणे. शेडचा मुख्य लोहार तो. आमच्याकडे अशा कारागिराला 'मेस्तर' म्हणतात, आणि ते नुसतं तोंडानं म्हणत नाहीत. शेजारी त्याच्या बहिणीचा मुलगा सिरिल, पंचविशीचा, सध्याचा घण चालवणारा.

"मेस्तर," आयव्ही समोर उभी राहिली, "तुम्ही त्याला जास्त जोरात मारताय."

टेबलावरचे सगळे चमचे थांबले.

"बाई," अ‍ॅम्ब्रोज मान वर न करता म्हणाला, "तुझी घड्याळं बघ जा. उशीर झाला तर एखादा केस पळून जाईल."

सगळे हसले. सिरिल जरा जास्तच हसला.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता, पाच तारखेच्या रात्री गावभर होळ्या पेटतात, त्याला दोनच दिवस. त्या दिवसांत शेफील्डात प्रत्येकाच्या खिशात काकवीची काळी टॉफी असते. आयव्हीनंही एप्रनच्या खिशातून कागदात गुंडाळलेली पाटी काढली, दोन तुकडे केले आणि एक अ‍ॅम्ब्रोजच्या ताटाशी ठेवला.

"मारा."

"काय?"

"अहो, मारा म्हणते ना. मूठ आहे की नाही?"

अ‍ॅम्ब्रोजनं वैतागून मूठ आपटली. टॉफीच्या ठिकऱ्या उडाल्या, एक सिरिलच्या चहात पडली. दुसरा तुकडा आयव्हीनं चहाच्या उकळत्या पिंपाला चिकटवून धरला, मग दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू दाबत गेली. टॉफी वाकली, पसरली, आणि तिची दोन्ही टोकं एकमेकांना टेकली. एक चीर नाही.

"तुमची आई टॉफी हातोडीनं फोडायची आणि बोटांनी ओढायची," आयव्ही म्हणाली. "फोडायची असेल तेव्हा फोडा की. आपल्याला ओढायची आहे."

कोणी हसलं नाही. अ‍ॅम्ब्रोजनं ती वाकलेली टॉफी उचलली, उलटसुलट केली आणि तोंडात टाकली. विचार करायला त्याला काहीतरी चघळावं लागायचंच.

"हलके घाव," तो अखेर म्हणाला. "पाच टनांनी."

"हो. हलके, सारखे, पुष्कळ. आणि घटकेघटकेला परत भट्टीत."

"वीस वेळा भट्टीत घालावं लागेल!"

"मग घाला. भट्टी काय उपाशी मरते आहे?"

त्या दुपारी अ‍ॅम्ब्रोजनं पोलादाच्या भंगार तुकड्यावर सिरिलकडून हलके घाव मारून घ्यायचा प्रयत्न केला. घण एकतर वरच लोंबकळे, नाहीतर दाणकन पडे. मधलं काही नाहीच. "झडप गळतेय मामा," सिरिल म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं! त्याच झडपेवर आयव्हीनं लढाईत तोफेच्या नळ्या अशा थोपटल्या होत्या की तपासनीस कडेवरून बोट फिरवत बसायचे. अ‍ॅम्ब्रोजला ते आठवत होतं. तेव्हाही घणासमोर तोच उभा होता, आणि तिच्या हाताबद्दल वाईट बोलायला त्याला कधी जागा सापडली नव्हती. पण लढाई वेगळी आणि शांतता वेगळी, हे त्याचं ठाम मत. बाईमाणसानं घणावर राहायचं म्हणजे पुरुषाची जागा अडवायची.

फेअरबँक साहेब, कारखान्याचे व्यवस्थापक, शेडच्या दारात घड्याळ बघत उभे होते, आणि त्यांच्यामागे आयव्ही आणि लोमस. "मिस्टर रॅग, गुरुवारी इंजिनवाल्यांची माणसं येणार आहेत. तिसरा ठोकळा गुरुवारीच. कोण चालवणार?"

अ‍ॅम्ब्रोजनं सिरिलकडे पाहिलं, मग छताकडे, मग नाइलाजानं आयव्हीकडे. "हिला विचारा."

"मी चालवीन," आयव्ही म्हणाली. "पण आधी बोलून घेऊ. चकती धड निघाली तर पाच नंबर माझा. एका दिवसापुरता नाही. कायमचा."

फेअरबँकनी भुवया चढवल्या. "आणि फुटली तर?"

"फुटली तर मी या शेडकडे पुन्हा मान वळवून बघणार नाही."

"फुटली तर," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला, "आख्खं शेफील्ड म्हणेल बाईनं फोडली. आधीचे दोन आम्ही फोडले हे कोणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही. कळतंय का पोरी तुला?"

"न कळायला मी काय लीड्सची आहे?" आयव्ही म्हणाली. मागे उभ्या लोमसनी चष्मा पुसायला घेतला.

फेअरबँकना दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी अल्बर्टनं तिला विचारलं, "भीती वाटते?" तो ट्राम हाकायचा. लिव्हर म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नसे.

"वाटते ना. हात विसरला असला तर?"

"माझा हात रविवारीसुद्धा ब्रेक दाबतो गं. बटाटे सोलतानासुद्धा. हात विसरत नसतात."

गुरुवारी सकाळी आयव्हीनं केस रुमालात बांधले आणि घणाच्या बाजूच्या फळीवर चढली. लिव्हर धरला. मूठ गुळगुळीत झाली होती, जरा जास्तच तेलकट, सिरिलला तेल फार लागायचं. तिनं घण वर नेला, खाली आणला, ऐरणीच्या बोटभर वर थांबवला. वाफेनं फुस्स केलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिनं ते पुसलंसुद्धा नाही. घामात कोणाला कळतंय?

घणाच्या शेडमध्ये बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांवर. मुख्य लोहार समोर उभा राहतो, सांडशीवाल्यांना आणि घणवाल्याला हातानं सांगतो. तळवा खाली, हलका घाव. मूठ खाली, जोराचा. दोन बोटं भट्टीकडे, परत न्या. आणि घणवाल्यानं लोहाराच्या हातावरून नजर हलवायची नाही, दाखवेल ते आणि तेवढंच करायचं. इथे हा नियम देवाच्या दहा आज्ञांच्या वर आहे. कारण खूण मोडली आणि घण पडला तर कोणाचा तरी हात जातो. ज्यांनी ती मोडली त्यांना पुन्हा कुठल्याच शेडनं उभं केलेलं नाही.

ठोकळा भट्टीतून निघाला, पिवळाधमक. भट्टीशेजारी लोमस तापमान मोजायची दुर्बीण घेऊन उभे होते आणि पाटीवर खडूनं आकडा लिहून दाखवत होते. अ‍ॅम्ब्रोज त्या पाटीकडे सासूच्या फोटोकडे बघावं तसं बघायचा, पण बघायचा.

तळवा खाली.

आयव्हीनं घण सोडला आणि सोडता सोडता धरला. थप्. ठोकळा जरासा बसला. थप्. फिरवा. थप्. ती मारत नव्हती, दाबत होती. पाच टनांचं धूड तिच्या मनगटाखाली असं उतरत होतं की इंजिनवाल्यांपैकी एकानं विचारलं म्हणे, हा घण खराब झालाय का? दहाबारा घाव, की दोन बोटं भट्टीकडे. पुन्हा तापवा. पुन्हा बाहेर. पुन्हा थप्.

असा एक फेरा म्हणजे एक दम. पहिला दम गेला, दुसरा गेला, सातवा गेला. आधीचा ठोकळा चौथ्यात फुटला होता. आठव्यानंतर सांडशीवाल्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण नाही हे खरं, पण घाव कोणाच्या हातचे हेही बघावं लागतं की नाही? दुपारपर्यंत ठोकळ्याची चकती दिसायला लागली. अकरावा दम. तेरावा. आयव्हीचा खांदा पेटला होता. सिरिलनं पाण्याचा डबा आणून तिच्या तोंडाला लावला.

चौदाव्या दमाला घात व्हायचा होता.

चकती ऐरणीवर होती, कड सारखी करायची बाकी. शेजारच्या घणाची वाफ सुटली आणि सगळी शेड पांढरी झाली. लोमसची पाटी दिसेना. आयव्हीनं घाव घातला आणि तिला लिव्हरमध्ये कळलं. घण जरासा उसळला होता. थप् नव्हे, टण्. धातू खाली आला होता, आखडला होता. मनगटातून खांद्यापर्यंत तिला ते ऐकू आलं म्हटलं तरी चालेल. पाटी असो नसो, तिला आकडा माहीत होता.

तिनं अ‍ॅम्ब्रोजकडे बघितलं. दोन बोटांची वाट बघत.

अ‍ॅम्ब्रोजनं मूठ वर केली आणि खाली आणली. जोराचा घाव.

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं पोलादाचा रंग उतरायला लागला, कड थोडी राहिली की या माणसानं हीच खूण केली होती. गार व्हायच्या आत एक शेवटचा दणका, आणि काम फत्ते. जित्याची खोड! सकाळपासून तो डोक्यानं काम करत होता. या एका क्षणी डोकं दमलं आणि हात आपोआप जुन्या वाटेनं गेला.

आयव्हीनं घण वर नेला. वर, आणखी वर, पार वरच्या टोकाला. आणि तिथेच धरून ठेवला.

मूठ पुन्हा खाली आली. जोराचा! आता अ‍ॅम्ब्रोजचा चेहरा लाल झाला होता.

आयव्हीनं मान हलवली. नाही.

शेडमधली माणसं होती तिथे थिजली. सांडशीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सिरिलचा डबा हातातून सुटला. अ‍ॅम्ब्रोज ओरडत होता, तिला ओठ वाचता येत होते, आणि ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. खूण मोडली. आता चकती वाचली तरी आपण गेलो, हे तिला स्वच्छ कळत होतं. तरी तिनं डावा हात लिव्हरवर धरून उजवा उचलला आणि दोन बोटं भट्टीकडे केली. घणवाल्यानं लोहाराला खूण करायची, हे शेफील्डात कोणी बघितलं नव्हतं.

अ‍ॅम्ब्रोजची मूठ हवेत तशीच होती. त्यानं त्या मुठीकडे पाहिलं. दुसऱ्याच कोणाची तरी असावी तशी पाहिली. मग चकतीकडे, तिच्या कडेवरच्या काळपट लालीकडे. वाफ विरळ झाली आणि लोमस दिसले, दोन्ही हातांनी पाटी डोक्यावर धरून उड्या मारत. नऊशे ऐंशी. त्या शंभर अंशांच्या फटीच्याही खाली.

मूठ उघडली. दोन बोटं भट्टीकडे गेली.

पंधरावा दम, सोळावा, सतरावा. अठराव्याला कड सारखी झाली आणि चकती राखेत निवायला गेली. अ‍ॅम्ब्रोज कोट घालून निघून गेला. आयव्ही फळीवरून उतरली ती पायऱ्यांवर बसलीच. तिला उठवायला दोघे लागले.

राखेत चकती तीन दिवस निवली. त्या तीन दिवसांत कोणी तिला काही विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं. शेडमधल्या माणसांना चकतीचं कुतूहल होतं, पण मोडलेल्या खुणेबद्दल सगळे मूग गिळून होते. अल्बर्ट म्हणाला, "ट्रामवर ये. तिकिटं फाडायला कोणी तरी हवंच आहे." ती हसली, पण जेवली नाही.

सोमवारी चकती साखळीला टांगली. कडेची एक कडी करवतीनं कापून तिचा काप आम्लात घातला होता. आत कुठे कण सुटा असेल, भेग असेल, तर आम्ल ती काळी करून दाखवतं, लपवाछपवीला वाव नाही. इंजिनवाल्यांच्या तपासनीसानं भिंग लावून काप पाहिला. फिरवून पाहिला. पालथा करून पाहिला. अख्खी शेड जमली होती, तरी त्याच्या बुटांचा करकर आवाज ऐकू येत होता.

"निर्दोष आहे," तो म्हणाला. "इतके बारीक, सारखे कण मी प्रेसमधूनसुद्धा पाहिलेले नाहीत."

लोमसनी शेजारच्या क्रेनवाल्याला मिठी मारली. क्रेनवाला घाबरला.

फेअरबँक साहेबांनी नोंदीचा कागद पुढे केला. "मिस्टर रॅग, सही करा. कामाच्या वेळी काही सांगण्यासारखं घडलं?"

"घडलं," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

आयव्हीनं डोळे मिटले. गेलं सगळं, तिला वाटलं. चकती निघाली आणि मी गेले.

"चौदाव्या दमाला मी जोराच्या घावाची खूण केली. दोनदा केली. घण चालवणारीनं ती मोडली." अ‍ॅम्ब्रोजचा आवाज मोठा होता. बहिऱ्या माणसाचा असतो तसा, शेडच्या टोकापर्यंत जाणारा. "चाळीस वर्षांत माझी खूण कोणी मोडली नाही. लिहा ते."

फेअरबँकची पेन्सिल थांबली. "मग..."

"लिहा ना! आणि खाली लिहा की खूण चुकीची होती. तिनं मानली असती तर आत्ता तुम्ही भंगाराभोवती टोप्या काढून उभे असता. मी धातूकडे बघत होतो, साहेब. तिला तो कळत होता." मग तो आयव्हीकडे वळला. "माझ्यासमोर यापुढे ही उभी राहील. दुसरं कोणी मला चालणार नाही. आणि मी पुन्हा चुकलो तर हिनं पुन्हा मोडावी."

तेवढ्यात टण्ण असा आवाज झाला. सिरिलनं सांडशी उचलून रिकाम्या ऐरणीवर हाणली होती. पुन्हा टण्ण. मग सांडशीवाल्यांनी आपापल्या सांडश्या घेतल्या. कोणी हातोडा, कोणी पहार, कोणी भट्टीच्या दारावर नुसतं फावडं. सात वर्षांची उमेदवारी संपवून पोरगा पुरा कारागीर झाला की आमच्याकडे लोखंड बडवून त्याला वाजवतात. शंभर वर्षं पोरांना वाजवत आले होते. लढाईत साडेतीन वर्षं घण हाकणाऱ्या बायकांसाठी मात्र कोणी चमचासुद्धा वाजवला नव्हता. आज सगळी शेड वाजत होती, पत्रे थरथरत होते, आणि कोळशाच्या आवारातले लोक दारात येऊन काहीही न विचारता विटा एकमेकींवर आपटायला लागले.

आयव्ही ढसाढसा रडली. लाज वाटायचं कारणच नव्हतं. रडता रडता ती हसत होती आणि लोमस साहेब चष्मा न पुसता तिच्याकडे बघत होते.

"पुरे आता!" अ‍ॅम्ब्रोज ओरडला. "सहा नंबरच्या भट्टीत जहाजाचा शाफ्ट पिवळा होऊन बसलाय. पाच नंबरवर आणा तो. आयव्ही, वर चढ. हे आपलं पोलाद आहे, याचे लाड करायचे नाहीत."

ती वर चढली. शाफ्ट ऐरणीवर आला, ठिणग्या सोडत. अ‍ॅम्ब्रोजनं मूठ खाली आणली आणि आयव्हीनं पाच टन मोकळे सोडले. अख्खी शेड हादरली. चार वर्षांचा सगळा राग त्या घावात होता, आणि सगळा आनंदही.

"अजून!" अ‍ॅम्ब्रोजचे ओठ म्हणाले.

तिनं अजून हाणला.